ग्रँटवर चाललेली ब्लॉकचेनची कामं कुठवर आली? सांगली-सातारावाल्यांनो, जरा इकडे या

मिरजकर_नोड | सोमवार, रात्री १०:४०

राम राम मंडळी. ग्रँटचं काम कुठवर आलं, ग्रँटचं काम कुठवर आलं, असं व्हॉट्सअ‍ॅपवर जो तो वेगवेगळं विचारतोय आणि मी प्रत्येकाला तेच तेच टाइप करून दमलोय, म्हणून धागाच काढतो. नुसतं आमचंच नाही, ज्यांनी ज्यांनी कुठल्या ना कुठल्या चेनच्या (म्हणजे ब्लॉकचेनच्या, अनेक कॉम्प्युटरवर एकसारखी ठेवलेली नोंदवही) फंडातनं पैसे घेतलेत, घ्यायचा विचार आहे, किंवा दुसऱ्यांची कामं जवळनं बघितलीत, त्यांनी आपापलं लिहा.

आधी आमचं सांगतो. आम्ही चौघं आहोत, दोघं मिरजेत, एक सांगलीत आणि एक पुण्यात नोकरी करून रात्री काम करणारा. चेन कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, दुसरी डिलिव्हरी अजून तपासणीत आहे आणि बाहेर चर्चा नको. काम तसं बिनचमकीचं आहे. नवीन डेव्हलपरला त्या चेनचा लोकल नोड (आपल्या मशीनवर चालणारी चेनची प्रत) उभा करायचा, टेस्टचे टोकन (सरावापुरती नाणी) मिळवायचे, पहिलं कॉन्ट्रॅक्ट (चेनवर चालणारा प्रोग्राम) चढवायचं, एवढ्यातच त्याचं डोकं फुटायची वेळ येते, तर ते एका बसणीत व्हावं म्हणून एक कमांड लाइन टूल आणि सोबत मराठी-इंग्रजी गाइड.

पहिला माइलस्टोन, म्हणजे टप्पा, पास, हप्ता आला. दुसऱ्यात गाइड आणि डॉकर इमेज (कुठल्याही मशीनवर चालणारं तयार पॅकेट) होती, ती तपासणाऱ्यानं कोऱ्या मशीनवर खरोखर चालवून बघितली (हो, चालवून बघतात, नुसतं वाचून सही नाही करत) आणि परत पाठवली, कारण आम्ही जमा केल्यापासून त्यानं बघेपर्यंत मधल्या काळात नोडचं नवीन व्हर्जन आलं आणि गाइडमधली चौथी पायरी त्याच्यावर अडकायला लागली. आता दुरुस्त करून परत दिलंय. तिसऱ्या माइलस्टोनमध्ये मोबाईल अ‍ॅप लिहिलं होतं, ते बदलून मागितलंय. अ‍ॅपच्या जागी दर आठवड्याला आपोआप सगळ्या पायऱ्या नवीन नोडवर चालवून बघणारी तपासणी लावू, अ‍ॅप कुणी मागितलेलंच नाही असं सरळ लिहून टाकलं त्यांना. उत्तर यायचंय.

माझं मत आधीच सांगून ठेवतो म्हणजे भांडायला बरं. किती हप्ते मिळाले याला प्रगती म्हणत नाहीत. शेवटचा हप्ता खिशात पडल्यावर वर्षभरानं ती वस्तू चालू आहे का, बिघडली तर कोण बघतंय, हे विचारायला पाहिजे. आणि हा प्रश्न एकाही रिपोर्टच्या फॉर्ममध्ये मला दिसलेला नाही.

कराडचा_कोडर | सोमवार, रात्री ११:१५

दादा मस्त धागा. मी थर्ड इयरला आहे कराडला, गव्हर्मेंट इंजिनिअरिंग. एक बेसिक विचारू का, हसू नका. हे पैसे येतात कुठनं? म्हणजे देणारा कोण आणि त्याला काय मिळतं? घरी सांगितलं तर वडील म्हणाले फुकट पैसे देणारा जगात कुणी नसतो, कुठंतरी सही करून बसशील.

मिरजकर_नोड | सोमवार, रात्री ११:३८

वडील बरोबर बोलले, फुकट नाहीच. प्रत्येक चेनची तऱ्हा वेगळी. झेडकॅश नावाच्या नाण्याचं घे, तिथं नोव्हेंबर २०२० पासनं नवीन तयार होणाऱ्या नाण्यातला २० टक्के हिस्सा बाजूला निघायला लागला, त्यातले ७ टक्के मूळ कंपनीला, ५ टक्के फाउंडेशनला आणि ८ टक्के बाहेरच्या टीमना ग्रँट म्हणून, ही वाटणी २०२४ पर्यंत होती. डॅश या दुसऱ्या नाण्यात त्याच्याही आधीपासनं, २०१५ पासनं, १० टक्के ट्रेझरीला, म्हणजे सामायिक तिजोरीला, जायचे. इथेरियम फाउंडेशन किंवा पोल्काडॉटवाली वेब३ फाउंडेशन, यांच्याकडं सुरुवातीला ठेवलेले टोकन आणि पैसा आहे, त्यातनं ते देत आलेत. कार्डानो नावाच्या चेनचं प्रोजेक्ट कॅटलिस्ट २०२० मध्ये सुरू झालं, त्यात ट्रेझरीतला पैसा कुणाला द्यायचा हे एडीए (त्या चेनचा टोकन) बाळगणारे लोक मतदानानं ठरवतात.

देणाऱ्याला काय मिळतं, तर चेनवर टूल्स, वॉलेट, लायब्ररी (म्हणजे वापरायला तयार कोड), गाइड असेल तरच माणसं येणार, माणसं आली तर टोकनला किंमत राहणार. एमआयडीसीत रस्ता, पाणी, वीज आधी टाकतात आणि मग प्लॉट खपतात, तसाच रोकडा हिशोब आहे.

विटेकर_गलाई | मंगळवार, सकाळी ७:५०

सकाळी सकाळी कडू बोलतो, राग मानू नका. आम्ही विट्याकडचे, तीन पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, सध्या तमिळनाडूत दुकान आहे. मी हे टोकनचं प्रकरण २०२१ ला जवळनं बघितलं, चुलत भावानं एडीए घेतला होता तेव्हा तीन डॉलरच्या घरात होता आणि पुढच्या वर्षाअखेरीला पाव डॉलरवर आला. आता त्याच टोकनमध्ये तुमची ग्रँट असेल तर तुम्ही लिहिलं काय, मिळालं काय, उरलं काय? आणि दुसरं म्हणजे टोकन मिळाला की तुम्ही तो विकणार, म्हणजे बाजारात माल येणार, भाव पडणार, त्याची झळ भावासारख्याला. इकोसिस्टीम सुधारणा म्हणे.

अजून एक. सोन्याच्या दागिन्यावरचा हॉलमार्कचा एचयूआयडी बघा. सहा अक्षरी नंबर, १ एप्रिल २०२३ पासनं सक्तीचा, गिऱ्हाईक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून जागेवर तपासतं. ब्लॉकचेन नाही बिकचेन नाही, एक सरकारी डेटाबेस, पण चालतंय. तुमच्या दहा प्रकल्पांपैकी एकतरी एवढ्या लोकांनी रोज वापरलेलं दाखवा.

बेदाणावाला_तात्या | मंगळवार, सकाळी ९:२०

पोरांनो मला यातलं थोडं कळतंय आन बरंच कळत न्हाई, पण विटेकरांचं वाचून लिवावं वाटलं. आमचं तासगाव भागात बेदाण्याचं शेड हाय. मागं काही पोरं आली होती, शिकलेली, बोलायला गोड. म्हणाली तात्या, तुमच्या मालाची सगळी कुंडली ब्लॉकचेनवर टाकतो, बाग कुठली, छाटणी कवा, फवारणी काय काय, शेडवर कवा टाकला, कोल्ड स्टोरेजला कवा गेला. गिऱ्हाईकानं स्कॅन केलं की सगळं दिसणार, युरोपात भाव मिळणार. मी म्हटलं करा बाबा. बॉक्सवर क्यूआरचे स्टिकर लावले, माझा फेटा बांधून व्हिडिओ काढला, मुलाखत घेतली. कुठल्यातरी परदेशी फंडाचे पैसे होते.

परवा कोल्ड स्टोरेजच्या कोपऱ्यात जुना एक बॉक्स सापडला, रिकामाच, पण स्टिकर शाबूत. नातीनं त्याच्यावर मोबाईल धरला तर वेबसाइट विकणे आहे असलं इंग्रजीत पान उघडलं. मग माझी कुंडली गेली कुठं? ब्लॉकचेनवरचं कवाच पुसत न्हाई म्हणत होती की पोरं.

आन सौद्याला त्याचा काय उपेग झाला म्हणाल तर शून्य. सौद्यात व्यापारी बॉक्स फोडतो, मूठभर हातात घेतो, रंग बघतो, चव बघतो, बोली लावतो. मोबाईल कुणी काढत न्हाई.

मिरजकर_नोड | मंगळवार, दुपारी १:०५

तात्या, तुमची पोस्ट म्हणजे माझ्या सगळ्या बोलण्याचा पुरावाच आहे. काय झालं असेल ते सांगतो. चेनवर फोटो, व्हिडिओ, फवारणीचं वेळापत्रक कुणी ठेवत नाही, लई महाग पडतं. चेनवर जातो तो हॅश, म्हणजे त्या फाइलचा अंगठा समजा. मूळ फाइल कुठंतरी सर्व्हरवर नाहीतर आयपीएफएसवर (फाइली वाटून ठेवायचं जाळं). सर्व्हरचं भाडं थकलं की फाइल गेली. आयपीएफएसचं पण तेच, कुणीतरी ती फाइल पिन करून, म्हणजे जपून, ठेवायला पाहिजे, पिन करणाऱ्यानं पैसे भरायचे थांबवले आणि दुसऱ्या कुणाकडं प्रत नसली की तिथंही मिळत नाही. मग राहतो नुसता अंगठा, माणूस नाही. पोरं खोटं बोलली नाहीत, चेनवरचं पुसत नाही हे खरंच, पण चेनवर होतं काय हे तुम्हाला सांगितलं नाही.

विटेकरदादा, भावाचा तोटा मान्य, त्याच्यावर वाद घालत नाही. पण किमतीचं म्हणाल तर तो धोका टीमवर येतो हे खरं आहे. कॅटलिस्टमध्ये आधी बजेट डॉलरमध्ये मागायचे, फंड १० पासनं म्हणजे २०२३ पासनं थेट एडीएमध्ये मागायला लागले. म्हणजे प्रपोजल लिहिताना जो भाव होता तो हप्ता येईपर्यंत टिकेलच असं नाही. हुशार टीम भाव पडायचा धोका धरून जास्त मागतात, मग मतदार म्हणतात बजेट फुगवलंय. दोन्हीकडनं मार.

एचयूआयडीचं तुमचं उदाहरण मला पटतं. जिथं एक विश्वासाचा माणूस आहे, सरकार म्हणा, तिथं डेटाबेस पुरतो. शेतमालाच्या वखार पावतीचं पण तसंच, डब्ल्यूडीआरए या वखारींवरच्या सरकारी प्राधिकरणाच्या इलेक्ट्रॉनिक पावत्या २०१७ पासनं आहेत आणि त्यांना ब्लॉकचेन लागत नाही.

वाईकरीण | मंगळवार, रात्री ९:१०

मी वाईहून. डॉक्युमेंटेशन आणि भाषांतराची कामं करते, त्यातली काही ग्रँटवरची. मिरजकरांशी निम्मी सहमत आहे.

वेब३ फाउंडेशनची पद्धत मी जवळून पाहिली आहे म्हणून सांगते. त्यांचा ग्रँटचा कार्यक्रम डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाला आणि सगळं गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, उघड्यावर चालायचं. अर्ज म्हणजे एक पुल रिक्वेस्ट (हा बदल घ्या अशी विनंती), चर्चा त्याच्याच खाली, कोणीही वाचावी. सगळ्यात खालच्या पातळीला १०,००० डॉलरपर्यंत मागता यायचे. प्रत्येक माइलस्टोनला काही गोष्टी सक्तीच्या असायच्या, शून्य-ए लायसन्स, शून्य-बी डॉक्युमेंटेशन, शून्य-सी टेस्ट आणि टेस्ट कशी चालवायची त्याचं गाइड, शून्य-डी डॉकर. मोठ्या कामाला वर एक लेखही लिहून द्यायचा. लोकांना हे कारकुनी वाटतं. मला नाही वाटत. टीम पळून गेली, कंटाळली, लग्न झालं, नोकरी लागली, तरी कोड अपाची किंवा एमआयटी अशा खुल्या लायसन्सखाली आहे आणि चालवायचं कसं ते लिहिलेलं आहे, म्हणजे दुसरा कोणीतरी उचलू शकतो. तात्यांच्या पोरांनी हे केलं होतं का ते बघा.

आणि मिरजकर, वर्षभरानं चालू आहे का हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही हे खरं, पण त्याचं कारणही बघा ना. वर्षभर सांभाळायचे पैसे कोणी देतं का? नवीन गोष्टीला पैसे मिळतात, जुनी नीट ठेवायला कोणी देत नाही. मग प्रत्येक टीम दर फंडाला काहीतरी नवीन नाव काढते. तुम्ही अ‍ॅप काढून देखभाल घातलीत, धाडस केलंत, पण शंभरातला एखादाच असं करेल कारण नाकारलं जायची भीती असते.

कराडचा_कोडर | मंगळवार, रात्री ११:५५

ताई, मग आधी काम करा आणि नंतर पैसे घ्या असं काही नाही का? कुठंतरी वाचलं होतं.

वाईकरीण | बुधवार, सकाळी ८:३०

आहे. ऑप्टिमिझम नावाच्या चेनचं. कल्पना अशी की पुढे काय उपयोगी पडेल यावर लोकांचं एकमत होणं अवघड, पण आत्तापर्यंत काय उपयोगी पडलं यावर होणं त्यामानानं सोपं, म्हणून झालेल्या कामाला मागून पैसे द्यायचे. पहिली फेरी २०२१ अखेरीस झाली, १० लाख डॉलरची. तिसऱ्या फेरीचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये लागला, त्यात ५०१ प्रकल्पांत ३ कोटी ओपी (त्या चेनचे टोकन) वाटले.

पण भाळून जाऊ नकोस. मागून पैसे मिळणार म्हणजे तोवर पोट कशावर भरायचं? वाईत किंवा कराडात बसून वर्षभर बिनपगारी लायब्ररी लिहिणं हे ज्याच्या घरी शेतीचं, दुकानाचं पाठबळ आहे त्यालाच जमतं. आणि ५०१ प्रकल्प मत देणाऱ्यांनी खरंच वाचले असतील का, मला शंका आहे. ओळखीच्या नावाला मत पडतं, ग्रामपंचायतीला पडतं तसंच.

कराडचा_कोडर | बुधवार, दुपारी ३:४०

आणि ते क्वाड्रॅटिक फंडिंग, लोकांच्या वर्गणीत फंडानं वरनं भर घालायची पद्धत? त्याचं गणित मी सोडवून बघितलं, भारी आहे, बरोबर आहे का सांगा. प्रत्येकाच्या वर्गणीचं वर्गमूळ काढायचं, बेरीज करायची आणि त्या बेरजेचा वर्ग करायचा. शंभर जणांनी एक एक रुपया दिला तर बेरीज १००, वर्ग १०,०००. एकाच माणसानं शंभर रुपये दिले तर वर्गमूळ १०, वर्ग परत १००. म्हणजे दोन्हीकडं लोकांनी दिले शंभरच, पण पहिल्याला वरनं ९,९०० आणि दुसऱ्याला काहीच नाही??

मिरजकर_नोड | बुधवार, रात्री १०:०५

बरोबर आहे भावा. फक्त वरचे पैसे एका ठरलेल्या डबक्यातनं येतात, त्यामुळं सगळ्या प्रकल्पांचं गणित करून त्या प्रमाणात वाटतात, ९,९०० जसेच्या तसे नाही मिळत. २०१८ च्या एका पेपरमधनं आलं हे, विटालिक ब्युटेरिन, झोई हिट्झिग आणि ग्लेन वाइल यांचा. गिटकॉइन या ग्रँट वाटणाऱ्या प्लॅटफॉर्मनं २०१९ पासनं ते प्रत्यक्षात वापरलं. आपल्या गल्लीतल्या गणपतीची वर्गणी बघ, एका बिल्डरनं मोठी रक्कम दिली म्हणून मंडळ गल्लीचं होत नाही, घरटी पावती फाटली की होतं. हे सूत्र घरटी पावत्या मोजतं.

आता पळवाट तुझ्या लक्षात आली असेलच. एकच माणूस शंभर वॉलेट काढतो आणि प्रत्येकातनं एक एक रुपया टाकतो. गल्लीत हे जमत नाही कारण पावती फाडणारा घर ओळखतो. तिथं मग गिटकॉइनला पासपोर्ट नावाची भानगड काढावी लागली, तुमची वेगवेगळी खाती जोडून तुम्ही खरे माणूस आहात याचे गुण द्यायचे. तरी चोर-पोलीस चालूच राहतं.

हिशेबतपासनीस | गुरुवार, सकाळी ११:२५

साताऱ्यातून. मी सीए आहे, ब्लॉकचेन मला फारसं कळत नाही पण या धाग्यात एकानंही टॅक्सचा विषय काढला नाही हे बघून राहवलं नाही. माझ्याकडे अशी मुलं जुलैमध्ये येतात आणि मग रडतात.

सर्वसाधारण सांगतो, तुमच्या केसचं तुमच्या सीएला विचारा. कामाच्या मोबदल्यात टोकन मिळाले म्हणजे ज्या दिवशी मिळाले त्या दिवशीच्या रुपयातल्या किमतीला ते तुमचं उत्पन्न, ग्रँट असं गोड नाव असलं तरी. ते तुमच्या नेहमीच्या स्लॅबनं. मग तुम्ही टोकन ठेवून दिले आणि नंतर विकले तर वाढलेल्या किमतीवर १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ११५बीबीएच, सरसकट ३० टक्के आणि वर सेस. हे १ एप्रिल २०२२ पासून. आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस.

खरी मेख पुढे आहे. समजा मिळाले तेव्हा टोकनची किंमत १,००,००० होती आणि विकले तेव्हा ६०,००० आले. कर भरायचा लाखावर, आणि ४०,००० चा तोटा कशातूनही वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. विटेकरांनी विचारलंय ना, मिळालं काय आणि उरलं काय, तर हे उरलं. म्हणून मी मुलांना सांगतो, हप्ता आला की निदान कराएवढा भाग त्याच आठवड्यात रुपयात आणा. डॉलरशी बांधलेला स्टेबलकॉइन असला तरी कायद्याच्या लेखी तोही आभासी मालमत्ताच, त्यामुळे त्याला हे नियम नाहीत या भ्रमात राहू नका.

आणि कृपा करून हप्ता आला त्या दिवशीच्या भावाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. दोन वर्षांनी मी कुठून शोधू?

विटेकर_गलाई | गुरुवार, दुपारी १:१०

सीएसाहेब, हे भावाला सांगायला पाहिजे होतं कुणीतरी 🙏 बाकी माझा प्रश्न तसाच आहे, रोज वापरलेलं एक दाखवा.

मिरजकर_नोड | गुरुवार, रात्री १०:५०

विटेकरदादा, एक आपल्याच राज्यातलं सांगतो, ग्रँटचं नाही पण बघण्यासारखं. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात पॉलिगॉन नावाच्या चेनवर ६५,००० जातीचे दाखले द्यायचं काम हाती घेतलं होतं. दाखला खरा की बनावट हे तपासायला सरकारी कचेरीला पत्र पाठवून वाट बघायला नको, एवढाच मुद्दा. दाखला कागदावर माणसाच्या हातात असतो, म्हणजे मूळ फाइल हरवायचा प्रश्न नाही, आणि लिहिणारा एकच, सरकारी कार्यालय. शेतमालाच्या कुंडलीत लिहिणारे दहा आणि तपासणारा कुणी नाही. फवारणी केली की नाही हे चेनला काय कळणार, जो टाइप करतो तो जे लिहील ते. त्यामुळं माझ्या डोक्यात आता पक्कं झालंय, चेनवर दाखले ठीक, शेतमालाच्या कहाण्या नको.

रोज वापरलेलं म्हणाल तर ग्रँटवरची जी कामं खरी चालतात ती तुम्हाला दिसतच नाहीत. वॉलेटच्या पोटातली लायब्ररी, एक्सप्लोररचा (चेनवरच्या नोंदी बघायची साइट) इंडेक्सर, ऑडिटचं टूल. वापरणाऱ्याला त्यांचं नावही माहीत नसतं.

विटेकर_गलाई | शुक्रवार, सकाळी ८:०५

न दिसणारं काम दाखवून पैसे घेणं ही कला तुमच्याकडनं शिकायला पाहिजे 😄 पण दाखल्याचं पटलं. थोडं.

कराडचा_कोडर | शनिवार, रात्री १:२०

झोप येईना म्हणून पूर्ण झालेल्या ग्रँटचे रेपो (कोडचे फोल्डर) उघडून बघत बसलो होतो, वेगवेगळ्या चेनचे. रिपोर्टमध्ये सगळ्यांवर कम्प्लिटेड शिक्का आहे. प्रत्यक्षात काय दिसलं ते लिहितो.

टेस्टनेटनं, म्हणजे सरावाच्या चेननं, सगळ्यात जास्त बळी घेतलेत. पॉलिगॉनचं जुनं टेस्टनेट, ज्याचं नाव मुंबई होतं, ते एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं आणि आमॉय आलं. इथेरियमचं रॉप्स्टन २०२२ अखेरीला गेलं, गोर्ली २०२४ मध्ये. म्हणजे ज्या ज्या गाइडमध्ये, पायरी दोन, मुंबईचे फुकट टोकन घ्या असं लिहिलंय ते गाइड तिथंच बसलं. कोडला काही झालेलं नाही, दोन ओळी बदलल्या की चालेल, पण बदलणार कोण. पोल्काडॉटकडं वेगळीच गंमत, २०२३ मध्ये त्यांनी सबस्ट्रेट, पोल्काडॉट, क्युम्युलस असे वेगवेगळे रेपो एकत्र करून पोल्काडॉट-एसडीके केलं, त्यामुळं जुन्या गाइडमधल्या लिंक कुलूप लावलेल्या रेपोकडं नेतात.

पण मिरजकरदादा, तुमच्या म्हणण्याला एक फाटा. एका बंद पडलेल्या टूलचा रेपो मी फोर्क केला (म्हणजे माझी प्रत काढली), लायसन्स अपाची होतं, डॉकरफाइलमध्ये जुनं व्हर्जन होतं ते बदललं, गाइडमध्ये मुंबईच्या जागी आमॉयचा पत्ता घातला आणि चालू झालं! मूळ टीम गायब आहे, कोडमधला शेवटचा बदल जुना आहे, तरी मला फुकटात शिकायला मिळालं. मग त्या ग्रँटचा पैसा वाया गेला म्हणायचा का? ताई म्हणतात तेच जास्त बरोबर वाटतंय, टीम टिको न टिको, दुसऱ्याला उचलता आलं पाहिजे.

वाईकरीण | शनिवार, सकाळी ९:४५

शाब्बास. हे मूळ रेपोत पुल रिक्वेस्ट म्हणून पाठव, कोणी बघितलं नाही तरी पाठव. अर्ज करशील तेव्हा ग्रँटच्या लोकांना दाखवायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

मिरजकर_नोड | शनिवार, सकाळी ११:३०

कोडरचं बऱ्यापैकी मान्य. कोड उचलता येतो. पण जिथं लोकांचा डेटा आहे, तात्यांसारख्यांचा, तिथं फोर्क करून काय मिळणार? तात्या, त्या स्टिकरचा फोटो इथं टाका की जमलं तर. क्यूआरमध्ये काय भरलंय ते बघू.

बेदाणावाला_तात्या | शनिवार, सायंकाळी ६:१५

टाकला बघा, नातीकडनं. माझ्या व्हिडिओत मी फेट्यात चांगला दिसत होतो, तो तेवढा मिळाला तर बघा.

कराडचा_कोडर | शनिवार, सायंकाळी ७:००

तात्या, वाईट बातमी. क्यूआरमध्ये नुसता त्या वेबसाइटचा पत्ता आणि एक नंबर आहे. तो नंबर त्यांच्या स्वतःच्या डेटाबेसातला, चेनवरच्या व्यवहाराचा नाही. व्यवहाराचा हॅश, म्हणजे चेनवरच्या नोंदीचा ओळख नंबर, स्टिकरवर असता तर एक्सप्लोररवर निदान नोंद कधी झाली, कुठल्या पत्त्यावरनं झाली ते दिसलं असतं. आता कुठली चेन, टेस्टनेट होतं का मेननेट (खरी चेन), काहीच सांगता येत नाही. टेस्टनेट असेल तर विषयच संपला.

बेदाणावाला_तात्या | शनिवार, रात्री ८:४०

म्हणजे स्टिकर शोभेचा होता म्हण की. बरं झालं कळलं. आमच्या कोल्ड स्टोरेजच्या पावत्या अजून कार्बन ठेवून दोन प्रतीत फाडतात, एक त्यांच्याकडं एक माझ्याकडं, ती माझ्या कपाटात हाय आन तिच्यावर बँकेनं तारण कर्ज पण दिलंय. पुढं कोण असली पोरं आली तर मी काय मागून घ्यायचं ते नीट सांगा, नातीला लिवून घ्यायला सांगतो.

मिरजकर_नोड | रविवार, सकाळी १०:२०

तात्या, तीन गोष्टी मागा आणि त्या मिळाल्याशिवाय स्टिकर लावू देऊ नका. जे काही चेनवर टाकताय त्याची मूळ फाइल तुमच्या मेलवर पाहिजे, म्हणजे कार्बन कॉपी तुमच्याकडं राहिली. स्टिकरवर किंवा पावतीवर चेनचं नाव आणि व्यवहाराचा हॅश छापलेला पाहिजे, नुसता वेबसाइटचा पत्ता नाही. आणि मेननेटवर टाकलंय हे लिहून द्यायचं. एवढं असलं की त्यांची कंपनी बुडाली तरी कुठल्याही पोराकडनं तुम्ही फाइलचा हॅश काढून जुळवून घेऊ शकता.

आमच्या गाइडमध्ये पण हा भाग घालतोय आता, नोंद करणाऱ्याला प्रत कशी द्यायची म्हणून. माइलस्टोनमध्ये नाहीये, पैसे मिळणार नाहीत, पण एक दुपारचं काम आहे.

हिशेबतपासनीस | रविवार, दुपारी १२:१०

माइलस्टोनमध्ये नसलं तरी तुमच्या वेळेची नोंद ठेवा. आणि दुसऱ्या हप्त्याचं इन्व्हॉइस अजून माझ्याकडे आलेलं नाही.

मिरजकर_नोड | रविवार, दुपारी १२:१४

हो सर, आज रात्री पाठवतो, तपासणीचा निकाल आला की तारीख घालून.

वाईकरीण | रविवार, दुपारी १:००

मिरजकर, तो प्रतीचा भाग लिहून झाला की मला द्या, मराठी मी तपासते. आणि तात्यांच्या नातीला आधी वाचायला द्या. तिला कळलं तर ठेवायचं, नाही कळलं तर परत लिहायचं.